कुलूपबंद कपाटे, कोंडलेली मने

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, हे त्यातील एक. त्यामागचे वास्तव अस्वस्थ करणारे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र अग्रस्थानी होता.

समुपदेशक हवेतच. मात्र त्यांचे दार ठोठावण्यापूर्वी आपले काहीतरी बिघडले आहे, हे मुलाला स्वतःशी मान्य करावे लागते; कुणी पाहिले तर काय, ही धास्ती निराळीच. ग्रंथालयात जाण्यासाठी कारण सांगावे लागत नाही. मधल्या सुट्टीत ज्याला कुणी डबा खायला सोबत घेत नाही, त्याला तेथे एकटे बसता येते आणि ते एकटेपण कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. घरातले माणूस गमावलेल्या मुलीला तेच भोगलेले एखादे पात्र गोष्टीत भेटते. पुस्तक हे औषध नव्हे, हे खरे. पण तेच मूल रोज त्याच कोपऱ्यात दिसू लागले, तर ते प्रथम ग्रंथपालाच्या ध्यानी येते. तो गुण देत नाही. साहजिकच त्याच्याशी बोलण्याचे भय कमी.

अर्थात, त्यासाठी ग्रंथपाल जागेवर हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय आवश्यक ठरवले; ग्रंथपालाचा उल्लेख त्यात नाही. राज्यातील अनुदानित माध्यमिक शाळांत हे पद पटसंख्येवर ठरते आणि पट कमी असला की ते अर्धवेळच. परिणामी पुस्तके कपाटात आणि किल्ली कार्यालयात! पुस्तक हरवले तर भरपाई कोण करणार, या भीतीने ते दिलेच जात नाही. ग्रंथ वापरासाठी असतात, हा पहिला नियम डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवला होता. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी ही पुस्तके टेबलावर मांडली जातात, इतकेच.

दुसरा धोका अतिउत्साहाचा. वाचनाच्या नोंदवह्या, सारांश आणि स्पर्धा आल्या, की ग्रंथालय हा आणखी एक विषय होतो आणि दमलेल्या मुलाची हक्काची जागा हिरावली जाते. समुपदेशकांच्या नेमणुकांना निधी आणि वेळ लागेल. मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडे ठेवण्यासाठी मात्र शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. किल्ली कुणाकडे राहील, हे मुख्याध्यापकांनाच ठरवता येते.