बीडला रेल्वे आली, पण गाडीची वेळ कोणाला विचारून ठरली?

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे निघाली आणि जो तो मोबाईल वर करून व्हिडिओ काढत होता. साहजिकच आहे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली ती १९९५ च्या सुमारास. तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, आता तो ४,८०० कोटींवर गेलाय. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या कोणाच्याही जन्माआधीपासूनची ही मागणी.

आता सुरुवातीचं वेळापत्रक बघा. गाडी सकाळी सातच्या सुमारास अहिल्यानगरहून निघणार, दुपारी साडेबाराला बीडला पोचणार. एक वाजता परत फिरून संध्याकाळी साडेसहाला अहिल्यानगर. बीडच्या माणसाला अहिल्यानगरला कोर्टाचं किंवा दवाखान्याचं काम असेल, तर तो पोचेपर्यंत सगळं बंद झालेलं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला अहिल्यानगरला उतरून पुन्हा दुसरी गाडी शोधायची. मग तो सरळ एसटीच धरतो.

एकाच गाडीने जाऊन-येऊन करायचं म्हटलं की एका टोकाची सोय होते, दुसऱ्याची होत नाही. रात्री ती बीडला मुक्कामी ठेवली तर चित्र उलटं होईल. अर्थात त्यासाठी बीडला पाणी भरणं, साफसफाई, तपासणी आणि कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीची सोय लागते. पण ‘गाडी बीडला मुक्कामी हवी की नको’ हा प्रश्न प्रवाशांना विचारायची जागा कुठे आहे?

कायद्यात शोधलं तर जमीनमालक सापडतो. रेल्वेसाठी जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की हरकतीला ३० दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्गासाठी २१ दिवस. तीही ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यालाच. मोबाईलमध्ये शोधलं तर तिकीट काढलेला प्रवासी सापडतो: रेलमदद अ‍ॅपवर डबा घाण आहे, पंखा बंद आहे अशी तक्रार करता येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यासाठी ‘मेरी सडक’ आहे, तिथे खड्ड्याचा फोटो टाका. हे सगळं काम झाल्यावरचं. गाडी सोयीची नाही म्हणून जो चढलाच नाही, त्याची नोंद कुठल्याच अ‍ॅपमध्ये होत नाही. उलट, डबे रिकामे दिसले की ‘मागणीच नाही’ असा अर्थ निघू शकतो.

‘फोनच्या लोकेशनवरून कळेल की कोण कुठे जातंय’ असं कोणी म्हणेल. पण बीडची सगळ्यात मोठी वाहतूक ऊसतोडीची. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड बांधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नकाशावर हा फार तर एक हळू चाललेला ठिपका. त्या ट्रकमध्ये किती बायका, किती शाळेतली पोरं आहेत, हे ठिपका सांगत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं.

एक खिडकी आहे, छोटी आहे. रेल्वेच्या प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते. त्यात प्रवासी संघटना, व्यापारी संघटना यांचे प्रतिनिधी असतात. तिथे नुसतं ‘गाडी वाढवा’ असं निवेदन दिलं तर ते फाईलला लागतं. त्यापेक्षा कॉलेजच्या ग्रुपने एक गुगल फॉर्म काढावा: कुठून, कुठे, कोणत्या वाराला, किती वाजता पोचायचं, आत्ता कशाने जाता, किती पैसे पडतात. नाव-नंबर विचारूच नका, लोक भरत नाहीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी बसस्टँडवर तासभर बसून तुम्हीच भरा. आणि आरटीआयच्या ऑनलाईन पोर्टलवर १० रुपये भरून विचारा, की बीडच्या गाडीची वेळ ठरवताना कोणती आकडेवारी धरली. उत्तराची मुदत ३० दिवस. परळीपर्यंतचा टप्पा अजून बाकी आहे, तेव्हा वेळापत्रक पुन्हा मांडावंच लागणार. आपला कागद त्याआधी टेबलावर हवा.