आखाजीचे पान आणि लेकीचे मन

आखाजी, म्हणजेच अक्षय्य तृतीया, हा खानदेशात लेकीबाळींचा सण. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या सोनगीरातही या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, पुरणपोळी व आंब्याचा रस होतो आणि सासुरवाशिणीला माहेरचे आयते पान लाभते.

परंतु त्या पानावर बसताना तिच्या कानी कोणते शब्द पडतात? “किती वाळलीस गं!” किंवा “चांगलीच सुटलीस की!” शब्द मायेचेच, पण मुळात चिंतातुर असलेल्या मनात अशा बोलण्याने अन्नाची धास्ती अधिकच रुजते. मग लेक पानावरून लवकर उठते, किंवा चोरून खाते आणि खाल्लेले ओकून टाकते. हे दुखणे मुलग्यांनाही होते. धर्मशील घरात ते लवकर ओळखू येत नाही, कारण उपवासाचे निमित्त हाताशी असते. तिथी नाही, व्रत नाही, तरी रोज “आज मला उपास आहे” असे ऐकू येऊ लागले, तर ती भक्ती नसून भीती असू शकते. अति खाणाऱ्यास योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायाचे सांगणे येथे स्मरावे.

फ्रेंच वैद्य लासेग यांनी १८७३ साली या विकाराचे वर्णन केले. घरची माणसे आधी विनवतात, मग धमकावतात आणि दोन्ही उपाय थकतात, हे त्यांनी तेव्हाच टिपले होते. पुढे आईबापांनाच दोषी धरण्याची चाल पडली. तीही आता तज्ज्ञांनी त्याज्य ठरविली आहे. उलट, १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकारास आलेल्या उपचारपद्धतीत आईवडीलच वैद्यांच्या मार्गदर्शनाखाली, न रागावता पण ठामपणे, आजारी मुलाला जेवू घालतात. म्हणजे कुटुंब हे आरोपी नव्हे, औषधाचा भाग आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, पंगतीत कोणाच्या अंगकाठीची चर्चा नसावी. शंका येताच लोकलज्जेस्तव दडवू नये. जवळच धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात लेकीला अन्नाचेच भय वाटू नये. आखाजीला तिला पोळी वाढावी, आणि तिच्याजवळ निवांत बसून तिचे मनही ऐकावे.