केळीचें माहेर

सत्यनारायणाच्या चौरंगास केळीचे खुंट बांधल्यावांचून आपल्याकडे पूजा होत नाहीं. प्रसादाच्या शिऱ्यांत केळें, उपासासही केळेंच. इतक्या जिव्हाळ्याची ही वनस्पति मूळची कोठील, असें विचारल्यास खानदेशांतील वाचक सहजच रावेर-यावलकडे बोट दाखवितील. आणि २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यास भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर हा अभिमान सरकारमान्यही झाला आहे. परंतु या केळ्याचें कूळ शोधूं गेल्यास आपण पूर्वसमुद्रांतील जावा व न्यू गिनी या बेटांवर जाऊन पोहोंचतों. म्हणून या वेळीं इंडोनेशियाची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सतरा हजारांहून अधिक बेटें आणि सुमारें २८ कोटी लोक, असें हें राष्ट्र विषुववृत्तावर पसरलें आहे. निम्म्याहून अधिक वस्ती एकट्या जावांत दाटली आहे. कारण तेथील जागृत ज्वालामुखींची राख हेंच शेतांचें खत. डचांची सत्ता झुगारून १७ ऑगस्ट १९४५ रोजीं या देशानें स्वातंत्र्य घोषित केलें. डचांनीं तें मान्य करावयास १९४९ चा डिसेंबर उजाडला. बहुसंख्य लोक इस्लामधर्मी, तरी राष्ट्रचिन्ह गरुड. आणि गुरु, भूमि, मनुष्य, नाम हे शब्द थोड्या उच्चारभेदानें तेथील घरोघर नांदतात. जावानी बोलणारे संख्येनें सर्वांत अधिक असतांही राष्ट्रभाषा म्हणून मलयी स्वीकारली गेली, हें शहाणपण आम्हांस विशेष वाटतें.

आतां केळीकडे वळूं. रानकेळें टणक बियांनीं भरलेलें असतें. या बेटांतील लोकांनीं हजारों वर्षें निवड करीत, एका बेटाचे मुनवे दुसऱ्या बेटावर नेत, बिनबियांचीं केळीं सिद्ध केलीं. आपली बसराई काय किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होणारी ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश या एकाच घराण्यांतल्या, आणि त्या घराण्यांत जावांतील रानकेळीचा अंश आहे. बीं नसल्यामुळें प्रत्येक झाड म्हणजे आधीच्याची हुबेहूब प्रत. फळ एकसारखें मिळतें हा त्याचा लाभ. एकास जो रोग मारतो तो सर्वांस मारतो, हा धोका.

तो धोका काल्पनिक नाहीं. पनामा मररोगाची बुरशी मुळांतून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पानें पिवळीं पडून झाड कोलमडतें. तिच्या नव्या जातीनें १९९० नंतरच्या कांहीं वर्षांतच सुमात्रांतील मोठे मळे उध्वस्त केले. २०१५ च्या सुमारास ती बिहारांतील कटिहार भागांत व पुढें उत्तर प्रदेशांतही आढळली. तीवर औषध नाहीं आणि मातींत ती दशकानुदशकें जिवंत राहते. शेजारच्या मळ्यांतून मुनवे आणून लावण्याची आपली जुनी पद्धति, तसेंच मळ्यामळ्यांतून फिरणारीं कुदळी-विळे, यांविषयीं रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या बागाइतदारांनीं फारच सावध असावयास हवें.

उतारा मात्र माहेराहूनच येईलसें दिसतें. मलाया व सुमात्रांत आढळणाऱ्या एका रानकेळीस हा रोग होत नाहीं. त्या जातींतील एक गुणसूत्रांश कॅव्हेंडिशमध्यें घालून तयार केलेल्या वाणास ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं संमति दिली. पण सुमात्रांतील पुष्कळसें अरण्य याच काळांत तेलताडाच्या लागवडीसाठीं तोडलें गेलें आहे.