नंबर चौदा, अनुदान मात्र मोशीपर्यंत

मागच्या महिन्यात मामानं व्हॉट्सअ‍ॅपवर एका बातमीचं कात्रण पाठवलं. शहरात ई-रिक्षा घेणाऱ्यांना अनुदान. खाली एवढंच लिहिलेलं, ‘आपलं होतंय का बघ.’

मामा घोडेगाव-मंचर रस्त्यावर डिझेलची अ‍ॅपे चालवतो. तुमच्यातले कितीतरी जण तिच्यात बसून कॉलेजला गेले असतील. तिघांच्या सीटवर पाच जण, मांडीवर सॅक, आणि गाडी चढाला लागली की काळा धूर सरळ आत. आपण ओढणी नाकाला लावतो, पोरं रुमाल बांधतात आणि विषय संपतो.

मी अटी वाचल्या. पहिल्याच अटीला अडलं: अर्जदार महापालिका हद्दीतला रहिवासी हवा. मामाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, पण गाडीचा नंबर तर चौदाच हाय की!”

मामाचा प्रश्न भोळा वाटेल, पण चुकीचा नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या गाड्यांची नोंद पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत होते. म्हणून भोसरीतली रिक्षा एमएच १४ आणि ओतूरची पिकअपही एमएच १४. पासिंगला तिकडे, दंड भरायला तिकडे. पैसे द्यायची वेळ आली की मात्र इंद्रायणीच्या पुलापाशी हद्द संपते. मोशी आत, आपण बाहेर.

महापालिका स्वतःच्या करातून पैसे देत असेल तर ते आपल्या रहिवाशांनाच देणार, हे मला पटतं. पुणे महापालिकेनं काही वर्षांपूर्वी रिक्षांना सीएनजी किट बसवायला १२ हजार रुपये दिले होते. ते पुणेकरांच्या पैशातून पुणेकरांसाठी, त्यावर तक्रार नाही. पण २०१९ मध्ये सुरू झालेला केंद्राचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम बघा. त्यातली यादीसुद्धा शहरांचीच आहे. पंधराव्या वित्त आयोगानं हवेसाठी वेगळा निधी ठेवला, तोही दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना. राज्य सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीच्या २० टक्के रक्कम सरकार देतं, पण तीही निवडक शहरांपुरतीच. हा पैसा काही एकट्या शहरांचा नाही. मंचरच्या पंपावर डिझेल भरणाराही त्यात कर घालतोच. मग इथला धूर धूर नाही का?

हे भांडण आपल्याकडेच आहे असं नाही. लंडनमध्ये २९ ऑगस्ट २०२३ पासून जुन्या, धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा साडेबारा पौंडांचा आकार संपूर्ण शहरात लागू झाला. जुनी कार मोडीत काढली तर २ हजार पौंड मिळायचे, पण फक्त लंडनच्या रहिवाशांना. शेजारच्या सरे परगण्यातून रोज कामाला येणाऱ्यानं आकार भरायचा, अनुदान मागायचं नाही. सरेची कौन्सिल आणि लंडनमधल्या चार कौन्सिली मिळून हायकोर्टात गेल्या. बाहेरच्यांना अनुदानातून वगळलं, हाही त्यांचा एक मुद्दा होता. जुलै २०२३ मध्ये त्या हरल्या. कायद्यानं ते बरोबर असेलही. पण नारायणगावातून रात्री टोमॅटो भरून शहराकडे निघालेली पिकअप ज्यानं पाहिली आहे, त्याला सरेवाल्यांचं म्हणणं लगेच कळेल. तिचा धूर मोशीच्या पुढेही तेवढाच काळा असतो. शहराला स्वतःची हवा खरंच सुधारायची असेल तर अट मालकाच्या पत्त्याची नको. गाडी किती जुनी आहे, कुठे धावते आणि किती धूर सोडते, हे विचारा.

आता मामाच्या गाडीची खरी गंमत. ती त्यानं सहा वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतली. व्यवहार चहाच्या टपरीवर, पैसे रोख. आरसी बुक अजून त्या माणसाच्याच नावावर आहे. म्हणजे कागदावर बघाल तर या गाडीचा मालक शहरातला रहिवासी आहे, पत्ताही हद्दीतला आहे. तो उद्या अर्जाला उभा राहिला तर कागद त्याच्या बाजूनं. गाडी चालवणारा, हप्ते फेडलेला आणि तिचा धूर रोज खाणारा माणूस मात्र अपात्र! यात मामाची चूक आहेच. नाव बदलून घ्यायला हवं होतं, अपघात झाला असता तर काय, हे मी त्याला दहा वेळा ऐकवलंय. पण असा तो एकटा नाही. शहरातून निघालेल्या जुन्या गाड्या शेवटी आपल्याच रस्त्यांवर येतात, आणि त्यांच्यामागे कागद येतोच असं नाही. शहराची हवा स्वच्छ झाल्याचा आकडा निघेल, तेव्हा ही गाडी त्यात वजा झालेली असेल. ती गेली कुठे, हे कोण विचारणार?

राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण अख्ख्या महाराष्ट्राला लागू आहे, ही जमेची बाजू. पण सवलत नव्या गाडीच्या किमतीत मिळते, आणि बाकीच्या रकमेसाठी बँक पुन्हा कागदच मागते.

मला वाटतं, आपण मागायचं ते जिल्हा परिषदेकडे. सेस फंडातून शिलाई मशीन मिळतं, सायकल मिळते, पिठाची गिरणी मिळते. त्याच यादीत जुनी डिझेल तीनचाकी बदलायचं अनुदान का नसावं? आणि पात्रता ठरवताना आरसीबरोबर ग्रामपंचायतीचा दाखला किंवा स्टँडवरच्या संघटनेचं पत्रही धरा. गाडी कोण चालवतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. अठरा पूर्ण असतील तर तुम्हीही तिथे बोलू शकता. एक अर्ज आधी लिहून न्या, तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही.

घरी अशी गाडी असेल तर आजच आरसी काढून नाव वाचा. मामा गेल्या रविवारी नाव बदलायला म्हणून भोसरीला गेला होता. त्या माणसानं खोली बदललीय. फोन लागतो, पण तो उचलत नाही.