इन्शुलिन : पेन की सिरिंज?

शरीरात इन्शुलिन पुरेसे तयार होत नसेल, तर मधुमेहाच्या रोग्याला ते टोचून घ्यावे लागते. पेनाचे इन्शुलिन उत्तम आणि बाटली-सिरिंजचे हलके, असा समज पुष्कळांचा आहे. आम्हाला तो पटत नाही. नजर अधू असेल त्याला पेन सोयीचे, हे खरे. पण सिरिंज स्वस्त पडते आणि नीट वापरली तर गुणही येतो.

खरा धोका आकड्यांचा. आपल्याकडे बाटलीत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनात १००. ४०च्या सिरिंजने १००चे इन्शुलिन ओढले, तर मात्रा अडीचपट होते; साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून बाटलीवरचा व सिरिंजवरचा आकडा दर वेळी ताडून पाहावा.

सुई कातडीखालच्या चरबीत जावी, स्नायूत नव्हे. मांडीत टोचून लगेच नांगर धरला, तर औषध लवकर भिनते. कष्टाच्या दिवशी पोटावर टोचणे बरे. जागा मात्र रोज थोडी बदलावी. शेतावर जाताना खिशात साखर असू द्यावी.

साधन कोणतेही असो, टोचण्याची रीत घरातल्या दोघांनी तरी नर्सबाईंकडून शिकून घ्यावी.