शाळा धोक्याची आहे म्हणा, पण शाळा सोडू नका



पाऊस तोंडावर आलाय. घरं शाकारून झाली, बियाणं काढून ठेवलं. एक काम मात्र दरवर्षी राहतं. जूनमध्ये शाळा उघडते, पोरं जाऊन बसतात, आणि ती कुठल्या छपराखाली बसतात हे आपण बघत नाही. "शाळा सरकारची, सरकार बघंल." जंगल सरकारचं, असंही आपल्याला शंभर वर्षं सांगितलं. ते आपण मानलं नाही. मग शाळेचं का मानतो?

न बोलण्यामागे एक भीती आहे, ती खोटी नाही. पाड्यावरच्या बैठकीत हेच ऐकू येतं : "भिंत फुटलीय हे लिहून दिलं तं शाळाच बंद करतील. मंग पोरां लांबच्या आश्रमशाळेत जातील, नायतर गुरांमागं." पट कमी असलेल्या शाळा बंद करून दुसरीकडे जोडायचं धोरण आपण पाहिलंय. कागदावर ते दोन-तीन किलोमीटर असतं. पावसात त्यात दोन ओहोळ असतात. सहा वर्षांचं पोर ओहोळ कसं ओलांडणार, हे नकाशात दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : धोका लपवून शाळा वाचत नाही. एक दिवस छप्पर येतंच खाली. मग शाळाही जाते आणि पोरंही. धोका आपण सांगायचा, पण त्याच कागदावर शाळा आमच्या पाड्यातच राहील हेही लिहायचं. दोन कागद नकोत, एकच ठराव पाहिजे.

डहाणू-तलासरीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून तिथं जमीन हलायला लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले. घरातून बाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. थंडीच्या दिवसांत लोक आठवडेच्या आठवडे उघड्यावर, तंबूत झोपले. पोरांची शाळाही बाहेर भरली. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, इमारत धोक्याची असली तरी शाळा चालू ठेवता येते : मांडवात, समाजमंदिरात, कुणाच्या मोठ्या ओटीवर. दुसरी, पळापळीनंही माणूस मरतो. धक्का बसला की भिंतीपासून, कपाटापासून लांब व्हायचं, डोकं हातांनी झाकायचं, हलणं थांबलं की ओळीनं मैदानात जायचं. हे सांगून येत नाही, सरावानं येतं.

आग म्हटली की आपल्याला वणवा आठवतो. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणम गावात शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ पोरं गेली. आपल्याकडची खिचडी कुठं शिजते ते बघा. वर्गाला लागून? दारातच? लाकडाचा भारा कुठं, सिलिंडर कुठं? चूल दारात असली तर पोरांनी बाहेर पडायचं कुठून? त्या घटनेवरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००९ साली सांगितलं की शिक्षणाचा हक्क म्हणजे सुरक्षित शाळेचा हक्क. आग विझवायचं साधन आणि ते वापरायला शिकलेले शिक्षक प्रत्येक शाळेत पाहिजेत. साधन भिंतीवर टांगलेलं असेल तर त्यावरची तारीख वाचा.

आता जमिनीची गोष्ट. नवीन खोली मागितली की उत्तर येतं, "जागा फॉरेस्टची आहे, परवानगी नाही." हे उत्तर ऐकून परत यायचं नाही. ज्या कायद्यानं आपण वनपट्टे मागतो, त्याच वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा १३ कामांसाठी एका कामाला एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. प्रस्ताव रेंजरकडे जातो, मंजुरी डीएफओ देतो. फाईल दिल्लीला जात नाही. कुणी दिल्लीचं नाव सांगितलं तर म्हणा, लिहून द्या.

आश्रमशाळेत ज्यांची पोरं आहेत त्यांच्यासाठी सापाचं बोलतो. पोरं जमिनीवर झोपतात, धान्याची कोठी शेजारी. धान्याला उंदीर, उंदरामागं साप. मण्यार रात्री फिरते. तिचा चावा बारीक, सूज नाही, दुखणं नाही. पोर पहाटे उठून पोट दुखतंय म्हणतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. "रात्री काय खाल्लंस" विचारण्यात तास घालवला तर पोर जातं. चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलू न देता थेट दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींच्या विषावर तेच एक इंजेक्शन चालतं, साप मारून न्यायची गरज नाही. भगताकडे जायचं तर इंजेक्शननंतर जा. झोपायला खाट, रात्री दिवा, कोठी लांब हे आपण मागायचं. आणि हे इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात आहे का, हे चावल्यावर नाही, आजच विचारायचं.

काही साथी म्हणतील, आधी पट्टे, मग बाकीचं. मला ते पटत नाही. जमीन मागतो ती पुढच्या पिढीसाठी. ती पिढी गळक्या छपराखाली ठेवून सातबाऱ्याची वाट बघायची? आणि ज्या ग्रामसभेनं शाळेची जागा आपल्या ठरावानं मिळवली, तिला पट्ट्याच्या वेळी कुणी सहज उडवून लावत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के आईबाप आणि निम्म्या बाया, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्या समितीत कोण आहे ते गुरुजींना विचारा. सही केल्याचं आठवत नसेल तर रजिस्टर मागा. गुरुजी आपले वैरी नाहीत. एकटा मास्तर वरती लिहितो तर त्याची बदली होते, गाव लिहितं तर उत्तर द्यावं लागतं.

पेरणीच्या आधी ग्रामसभा घ्या. निम्मं गाव हजर पाहिजे, त्यात तिसरा हिस्सा तरी बाया. ठरावात तीन गोष्टी लिहा : इमारतीत काय काय धोका आहे, दुरुस्ती होईपर्यंत शाळा पाड्यातच कुठं भरेल, आणि नव्या इमारतीसाठी कलम ३(२) खाली कुठली जागा. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

आणि एक काम सरकारशिवाय होतं. १०८ ला फोन करायला रेंज कुठल्या टेकडावर येते, जीप कुणाची, झोळी कोण उचलणार, ही नावं शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. महिन्यातून एकदा पोरांना बाहेर पडायचा सराव द्या. पोरांना तो खेळच वाटेल. वाटू दे.

जिंदाबाद!