भूतानचा संत्रा आणि आपला संत्रा

संत्रा बागायतदार मित्रांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पण आंबियाचा व्यापारी बागेत पाय ठेवायच्या आधी वाचून घ्या.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. एकट्या आपल्या अमरावती जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत जवळपास 29 लाख. समुद्र नाही, रेल्वेचं जाळं नाही, मोठे कारखाने बोटावर मोजण्याइतके. तरी या देशाने 6 डिसेंबर 2020 ला बांगलादेशाबरोबर व्यापार करार केला. भूतानच्या 34 वस्तूंना तिकडे सवलत, बांगलादेशाच्या 100 वस्तूंना इकडे. 1 जुलै 2022 पासून तो लागूही झाला. भूतानच्या मालात दगड, डोलोमाइट आहे, तसाच संत्राही आहे.

तारीख मुद्दाम निवडली होती. 6 डिसेंबर 1971 ला भूतानने बांगलादेशाला मान्यता दिली. त्याच दिवशी, काही तासांच्या फरकाने, भारतानेही दिली! त्यांनी त्या दिवसाचा करार करून घेतला. आपण भाषणं करतो.

आता आपलं बघा. नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये तिथलं आयात शुल्क किलोला 20 टका होतं. ते वाढत वाढत 2023 मध्ये 88 टक्यांवर गेलं. बागेत शेतकऱ्याला जो भाव मिळतो, त्याहून जास्त पैसे नुसते सीमेवर द्यायचे. मग कोण नेईल?

काही जण म्हणतात, भूतानचा संत्रा गोड असेल, स्वस्त असेल. अहो, त्यांचं चलन आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे, म्हणजे चलनाचा फायदा शून्य. माल तर आपल्याच बंगालच्या रस्त्यावरून चांगराबांधामार्गे बांगलादेशात जातो. अंतर कमी पडतं हे खरं, पण मोठा फरक शुल्काचा आहे. स्पर्धा फळात हरलो असतो तर समजलं असतं. आपण कागदावर हरतोय.

भूतानचा माल थोडा आहे, तो आपली बाजारपेठ एकटा खाऊ शकत नाही, हेही मान्य. माझा राग भूतानवर नाहीच. ज्याच्याकडे विकायला थोडंच आहे त्याने एकेका मालाची यादी घेऊन बसावं, आणि ज्याच्याकडे चुरीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडतात त्याने बसू नये, यावर आहे.

शुल्क का वाढलं? परकीय चलन वाचवायला, हे एक कारण. पण कांदाही आठवा. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, डिसेंबर 2023, तिन्ही वेळा आपण निर्यात एका रात्रीत बंद केली. 2019 मध्ये शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. नाशिकचा कांदेवाला आणि वरूड-मोर्शीचा संत्रेवाला मात्र एकाच गिऱ्हाईकाच्या भरवशावर आहेत, हे दिल्लीत कोणी लक्षात घेतलं?

2023 च्या शेवटी राज्य सरकारने जाहीर केलं की निम्म्या शुल्काचं अनुदान आम्ही देऊ. म्हणजे शुल्क लावणार ढाका आणि भरणार महाराष्ट्राचा करदाता. अनुदान निर्यातदाराच्या हातात, बागवाल्याला काय मिळालं ते त्यानेच कॉमेंटमध्ये सांगावं. उद्या ढाक्याने आणखी 20 टके वाढवले तर आणखी अनुदान?

भारत-बांगलादेश सर्वंकष आर्थिक कराराचा संयुक्त अभ्यास 2022 मध्येच झाला. पुढची बोलणी अडली. 2024 मध्ये तिथलं सरकार बदललं, संबंध बिघडले, हे सगळं ठीक. पण बांगलादेशाने 2026 मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचं ठरवलं होतं, सवलती जातील म्हणून त्यालाही करार हवे आहेत. पूर्ण करार नको असेल तर भूतानसारखी छोटी यादी करा. त्यात संत्रा टाका, बदल्यात त्यांचं काही घ्या.

आपल्या खासदारांनी वाणिज्य मंत्रालयाला एवढाच लेखी प्रश्न विचारावा: संत्र्याच्या शुल्काबाबत ढाक्याशी शेवटचं पत्र कधी गेलं, आणि उत्तर काय आलं? प्रश्न विचारला की त्याची प्रत मला पाठवा, जशीच्या तशी इथे टाकतो. ज्यांचा माल गेल्या दोन हंगामांत बांगलादेशाला गेला, त्यांनी मिळालेला भाव आणि महिना खाली लिहा.